गाव कोणाचं? तरुण पोरं, पाणी आणि नागरिकपण

आजचं बोलणं आपल्या पोरांबद्दल आहे. नववी-दहावीला असलेल्या, कॉलेजला एसटीने जाणाऱ्या, नुकतंच मतदार यादीत नाव लागलेल्या किंवा अजून न लागलेल्या पोरांबद्दल.

गटांच्या बैठकांना फिरताना आम्ही या पोरांना दोन प्रश्न विचारतो. हवामान बदल म्हणजे काय? आणि त्याबाबत तुम्ही काय करणार? पहिल्या प्रश्नाला हात पटापट वर येतात. धूर, कारखाने, वितळणारा बर्फ, झाडे लावा झाडे जगवा, सगळं पाठ असतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र खाली मान. मुलगे म्हणतात, "आपल्या हातात काय आहे? आम्ही तर पुण्याला कंपनीत जाणार." मुली आधी काहीच बोलत नाहीत. मग एखादी हळूच म्हणते, "ताई, आमचं लग्न झालं की आम्ही जाणार. या गावाच्या पाण्याचं आम्ही काय करणार?"

हे उत्तर आम्हाला बऱ्याच गावांत मिळालं. शब्द थोडे वेगळे, अर्थ तोच. मुलगा गाव सोडणार म्हणून गाव त्याचं नाही. मुलगी नांदायला जाणार म्हणून गाव तिचं नाही. मग पुढची चाळीस-पन्नास वर्षं या गावाचा विचार करायचा कोणी?

काळजी त्यांना आहेच

"आजकालच्या पोरांना कशाचं काही पडलेलं नाही, मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात," असं आपण सहज बोलून जातो. पण तसं नाही. २०२१ साली एका मोठ्या पाहणीत १० देशांतल्या, १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुण-तरुणींना हवामान बदलाबद्दल विचारलं होतं. त्यात आपला भारतही होता. शंभरातल्या ५९ जणांनी सांगितलं की आम्हाला याची फार, अतिशय काळजी वाटते. ७५ जण म्हणाले, पुढचा काळ भीतिदायक वाटतो.

आपल्या पोरांना तर ही काळजी पुस्तकातून शिकावी लागत नाही. सोयाबीन उगवल्यावर पावसाने तीन आठवडे दडी मारलेली त्यांनी पाहिली आहे. काढणीच्या वेळी एका रात्रीत धो धो पडून शेंगा कुजलेल्या पाहिल्या आहेत. दुबार पेरणीसाठी घरातली सोन्याची वस्तू गहाण गेलेली पाहिली आहे. टँकर आला की शाळा बुडवून हंडे घेऊन धावणारी मुलगी आपलीच असते. ती काळजी करते. ती काळजी कुठे जाऊन मांडायची, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

हवामान बदल म्हणजे आपल्याकडे नेमकं काय

आधी एक गोष्ट साधेपणाने समजून घेऊ. आज पाऊस आला, उद्या ऊन पडलं, हे झालं रोजचं हवामान. ते बदलतच असतं. पण तीस-तीस वर्षांची सरासरी काढली आणि तीच सरकायला लागली, तर त्याला हवामान बदल म्हणतात.

कारण काय? कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. तो पृथ्वीभोवती गोधडीसारखं काम करतो, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कारखाने सुरू होण्याआधीच्या काळात हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. गोधडी जाड झाली. २०२४ हे साल मोजमाप सुरू झाल्यापासून जगातलं सर्वांत उष्ण साल ठरलं.

मग पावसाचा खेळ का बिघडतो? तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते. तापमान एक अंशाने वाढलं तर साधारण सात टक्के जास्त. म्हणून ढग बरेच दिवस नुसते फिरत राहतात आणि सोडतात तेव्हा एकदम सोडतात. वर्षाचा आकडा पूर्वीइतकाच दिसतो, पण पावसाचे दिवस कमी होतात. भिजपाऊस कमी, झोडपणारा जास्त. असा पाऊस मुरत नाही, माती घेऊन ओढ्याला जातो.

हे सगळं आपल्या पोरांच्या मोटारसायकलींनी झालेलं नाही. जगातल्या सरासरी माणसामागे जेवढा हा वायू हवेत जातो, त्याच्या निम्म्याहूनही कमी भारतातल्या माणसामागे जातो. आणि आपल्या पोरांचा वाटा त्याहून लहान असणार. पण परिणाम भोगायचं वय त्यांचंच आहे. भारताने २०७० पर्यंत हवेत जाणारा आणि हवेतून शोषला जाणारा वायू सारखा करण्याचं वचन दिलं आहे. आज सोळा वर्षांची असलेली आपली लेक तेव्हा साठीला आलेली असेल. म्हणजे ही तिच्या अख्ख्या आयुष्याची गोष्ट आहे, आणि ठरवणारे मात्र सगळे तिच्या आधीच्या पिढीचे.

नागरिक होणं म्हणजे काय, हे आपल्या गटाने दाखवलं आहे

नागरिक म्हटलं की पोरांना मतदान आणि झेंडावंदन आठवतं. आपण बायकांना मात्र दुसरं काहीतरी ठाऊक आहे.

जरा आठवून पाहा. आपल्या गटातल्या बहुतेक जणी या गावात जन्मलेल्या नाहीत. आपण सगळ्या लग्न होऊन आलेल्या. सुरुवातीला गावात आपली ओळख कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको एवढीच होती. मग गट झाला. पंचसूत्री आली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, आणि नोंदी. सही शिकलो, बँकेत गेलो, हिशेब मागायला शिकलो. एका बाईने नळाला पाणी का येत नाही हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं, दुसऱ्या वेळी दहा जणी गेल्या. मग हे गाव आपलं झालं. पुढे पंचसूत्रीची दशसूत्री झाली तेव्हा त्यात पंचायतीच्या कामात सहभाग आणि शाश्वत उपजीविका हेही आलं.

म्हणजे जन्माने गाव मिळत नाही आणि लग्नाने जात नाही. गावाचं काम आणि हिशेब हातात घेतला की गाव आपलं होतं. पोरांच्या बाबतीत आम्हाला हेच सांगायचं आहे. "पर्यावरण वाचवा" असं त्यांना शंभर वेळा सांगून झालं. आता त्यांच्या हातात गावाच्या पाण्याची वही द्यायला हवी आणि ती वही घेऊन बोलायला ग्रामसभेत जागा करून द्यायला हवी.

त्या लाजऱ्या मुलीलाही उत्तर इथेच आहे. हिशेब करायला आणि चारचौघांत उभं राहून बोलायला शिकलेली मुलगी ज्या गावाला नांदायला जाईल, तिथेही ते शिक्षण बरोबर नेईल. आणि हे गावही तिचंच राहतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. जिथे जमिनीत हक्क, तिथल्या पाण्याबद्दल बोलायला ती परकी कशी?

पाण्याची वही: गणित पोरांना करू द्या

शाश्वत हा शब्द पुस्तकी वाटतो, पण आपल्या घरात तो जुनाच आहे. कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याचं धान्य दळायला काढायचं नाही. आपलं भागवायचं, पण पुढच्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. गटाच्या भाषेत सांगायचं तर दर वर्षीचा पाऊस म्हणजे व्याज आणि खोल बोअरमधलं पाणी म्हणजे मुद्दल. व्याजावर घर चालतं तोवर ठीक. आपण मुद्दल उपसायला लागलो आहोत. दोनशे फुटांवर लागणारं पाणी पाचशे फुटांवर गेलं, ते यामुळे.

आता नववी-दहावीच्या मुलांना जलसुरक्षा नावाचा विषय असतो, हे तुम्हाला माहीत असेल. ते पुस्तक फक्त श्रेणीपुरतं न ठेवता गावाच्या कामाला लावता येतं. गणित असं आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळतं. एका हेक्टरमध्ये, म्हणजे अडीच एकरात, १०,००० चौरस मीटर असतात. म्हणजे एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. टँकरची भाषा आपल्याला चटकन कळते, म्हणून पुढचा हिशेब टँकरमध्येच करू.

समजा गावाचं शिवार १,००० हेक्टर आहे आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. झाले पाच लाख टँकर. ऐकून वाटतं, मग टंचाई कशाची? पण यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, पिकं आणि गवत पितात, ओढ्याने वाहून जातं. आपल्याकडच्या काळ्या कातळात मुरून राहणारं पाणी ढोबळ हिशेबासाठी दहावा हिस्सा धरू. उरले ५०,००० टँकर.

आता खर्च. घरगुती वापराला माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावं, असं जलजीवन मिशनचं माप आहे. हजार वस्तीच्या गावाला वर्षाला लागले सुमारे २,००० टँकर. पाचशे मोठी जनावरं, एकाला रोज ६० लिटर धरलं, तर सुमारे १,१०० टँकर. माणसं आणि जनावरं मिळून तीन हजारांच्या थोडं वर. पन्नास हजारांतले तीन हजार! म्हणजे पिण्याचं पाणी प्यायल्याने संपत नाही.

मग संपतं कशाने? उसाला वर्षभरात पाऊस धरून साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं. पावसाने ५०० दिले, बाकी १,५०० विहीर-बोअरमधून द्यायचे. म्हणजे एका हेक्टरला १,५०० टँकर. सव्वातीन एकर ऊस वर्षाला जेवढं पाणी ओढतो, तेवढ्यात हजार माणसांचं वर्ष निघतं. आणि अडीच हजार एकराच्या त्या शिवारात पाऊणशे-ऐंशी एकर ऊस झाला, की वर्षभरात मुरलेलं सगळं पाणी खलास. रब्बी ज्वारी बरीचशी जमिनीतल्या ओलीवरच येते. तिला दोन पाणी दिलं तरी दीडशे मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी १५० टँकर. उसाच्या दहावा हिस्सा.

हा आकड्यांचा नमुना आहे. प्रत्येक गावाचा पाऊस, शिवार आणि पिकं वेगळी. पण दहावीच्या पोराला हे गणित अर्ध्या तासात जमतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने असाच हिशेब करून गाव सावरलं, हे तुम्ही ऐकलं असेल. पाऊस किती पडला ते पाहून कोणती पिकं घ्यायची ते गाव ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले.

घरात वाद होणार, तेव्हा आपण कुठे उभ्या राहणार

आता खरी अडचण. पोराने हे गणित घरी मांडलं की बाप म्हणणार, "मग ऊस मोडून काय खायचं? तुझी फी कशातून भरली?" बापाचंही खोटं नाही. उसाला कारखाना आहे, कायद्याने ठरलेला दर आहे. ज्वारी-तूर बाजारात नेली की पदरात काय पडेल याचा भरवसा नाही. गारपिटीने द्राक्ष जातं, ऊस त्यातून बराचसा तग धरतो. कर्ज डोक्यावर असलेला माणूस भरवशाचं पीकच धरून ठेवणार.

अशा वेळी आई काय करते? बहुतेक घरांत ती पोरालाच गप्प बसवते. "तुला काय कळतंय, अभ्यास कर." वाद मिटतो, पण पोरगं त्या दिवशी एक गोष्ट शिकतं. खरं मोजून आणलं तरी घरात बोलायचं नाही. जे घरात बोलत नाही, ते ग्रामसभेत काय बोलणार? मग ते म्हणतं, आपल्या हातात काय आहे.

आम्ही सुचवतो ते असं. पोराला गप्प बसवू नका आणि बापाला गुन्हेगारही ठरवू नका. दोघांना एकाच वहीसमोर बसवा. ऊस ठेवायचाच तर तो सगळा ठिबकवर आणता येईल का? पाच एकरांतला एक एकर कमी केला तर तिथे काय लावायचं आणि ते विकायचं कोण? तिथे आपला गट येतो. तुरीची डाळ करणं, ज्वारी स्वच्छ करून शहरात विकणं, शेवग्याची पावडर, ही कामं गट करतात. कमी पाण्याच्या पिकाला भाव मिळवून दिला, तरच बाप ऐकेल. पोरांचं गणित आणि आपला धंदा एकमेकांना जोडलेले आहेत.

कायदा काय म्हणतो

हे सगळं बोलायची जागा म्हणजे ग्रामसभा. थोडक्यात हक्क सांगतो, लिहून घ्या.

गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. आमंत्रणाची गरज नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान असेल तेवढे लोक लागतात. लोक कमी आले की सभा तहकूब होते आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण आणि आपली पोरं घरी बसलो, तरी वर्षाचा आराखडा मंजूर होतोच. मोजक्या लोकांच्या सह्यांवर होतो. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथे झालेल्या शिफारशी पुढे ग्रामसभेत मांडायच्या असतात.

अठरा वर्षांखालच्या मुलांचं काय? गावाचा विकास आराखडा तयार करताना बालसभा घ्यावी, असं पंचायत राजच्या मार्गदर्शनात आहे. गावांसाठी ज्या नऊ संकल्पना ठरवल्या आहेत, त्यांत बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव अशा तीन गोष्टी आपल्या विषयाच्याच आहेत. २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेलं माझी वसुंधरा अभियानही भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच गोष्टींवर गावाचं काम पाहतं.

मतदानाचं वय पूर्वी २१ होतं, १९८९ पासून ते १८ झालं. आता नाव नोंदवायला वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना नमुना ६ आधीच भरून ठेवता येतो. मुलीचं नाव "कशाला, लग्नच तर करायचंय" म्हणून राहून जातं. तसं करू नका. लग्नानंतर पत्ता बदलला की नमुना ८ भरून नाव हलवता येतं. आधी नाव तर हवं.

संविधानाने १९७६ पासून नागरिकांच्या कर्तव्यांत जंगल, तळी, नद्या आणि वन्यजीव जपणं हेही सांगितलं आहे. ते कलम ५१ क. कर्तव्य आपल्याला कोणीही सांगतं, हक्क मात्र सांगायचा राहतो. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. राजस्थान आणि गुजरातमधल्या विजेच्या तारांना धडकून माळढोक पक्षी मरतात, त्याबद्दलचा तो खटला होता. तोच माळढोक, ज्याच्यासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नजला अभयारण्य आहे. त्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून मुक्त राहणं हा माणसाचा हक्क आहे आणि तो जगण्याच्या व समानतेच्या हक्कातून येतो. समानतेच्या का? कारण हा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्याकडे कमी आहे त्याला जास्त बसतो. हंडा घेऊन धावणाऱ्या मुलीला हे वेगळं सांगायला नको.

बोलून काय होतं?

पोरं हा प्रश्न विचारणारच. त्यांना दोन गोष्टी सांगा.

एक आपल्या देशातली. २६ मार्च १९७४, उत्तराखंडातलं रेणी गाव. पुरुष मंडळी गावाबाहेर गेलेली असताना ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली. त्यांना जाताना एका लहान मुलीने पाहिलं आणि तिने धावत येऊन गौरादेवींना सांगितलं. गौरादेवी गावच्या महिला मंगल दलाच्या प्रमुख होत्या, म्हणजे आपल्यासारख्याच. त्या बायकांना घेऊन जंगलात गेल्या, झाडांपुढे उभ्या राहिल्या, आणि झाडं वाचली. चिपको आंदोलनात गौरादेवींचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण बातमी आणणारी मुलगी होती आणि तिचं ऐकून उठणारं मंडळ होतं, म्हणून पुढचं घडलं.

दुसरी दूरची. प्रशांत महासागरात व्हानुआतू नावाचा बेटांचा छोटा देश आहे. समुद्र चढतोय, वादळं वाढली आहेत. २०१९ साली तिथे कायदा शिकणाऱ्या त्या भागातल्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला विचारायचं, हवामान जपणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे की नाही? त्यांनी पत्रं लिहिली, आपल्या सरकारला पटवलं. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो प्रश्न न्यायालयाकडे पाठवला. २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं: होय, देशांवर ही कायदेशीर जबाबदारी आहे. वर्गात निघालेला प्रश्न जगाच्या न्यायालयात पोहोचायला सहा वर्षं लागली. एका मताने उद्या समुद्र खाली जाणार नाही. पण पुढच्या प्रत्येक खटल्यात ते मत वकिलांच्या हातात असेल.

आपल्या पोरांना जगाच्या न्यायालयात जायचं नाही. त्यांना ग्रामपंचायतीच्या सभागृहापर्यंत जायचं आहे. आपण बरोबर चाललो तर ते अंतर फार नाही.

पुढच्या तीन महिन्यांत गटाने काय करावं

पहिलं, गावात पर्जन्यमापक बसवा. विकत आणायची गरज नाही. सरळ बाजूची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, तळाशी खडे घालून सपाट भागापर्यंत पाणी भरा. तिथे शून्याची खूण, वर पट्टी चिकटवा. झाडा-भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खातं मोजतं त्याच वेळी, मुलांनी आकडा लिहायचा, आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणून ठेवायचं.

दुसरं, गावातल्या चार-पाच विहिरींचं पाणी दोरीने मोजा. एकदा पावसाळा संपल्यावर, एकदा मे अखेरीस. काठापासून पाणी किती हातावर आहे ते लिहा. विहिरीवर मुलांबरोबर मोठं माणूस हवंच.

तिसरं, जून ते सप्टेंबरचा पाऊस, विहिरींची पातळी, माणसं, जनावरं आणि पिकांचे एकर, एवढं एका मोठ्या कागदावर मांडा आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. शाळेच्या गुरुजींना, बाईंना बरोबर घ्या. जलसुरक्षेचा प्रकल्पही होऊन जाईल.

चौथं, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या. मजकूर एवढाच: "येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत गावाचा पाण्याचा ताळेबंद हा विषय घ्यावा. तो गावातील विद्यार्थी मांडतील. त्याआधी बालसभा आणि महिला सभा घ्यावी." उत्तर आलं नाही तर शांतपणे दुसरा अर्ज. आराखड्याची प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून मागता येते. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पाचवं, त्या दिवशी सभेला जा. मागे, दाराजवळ बसू नका. बोलणारी पोरगी उभी राहील तेव्हा तिच्या शेजारी दोघी-तिघी बसा. कोणी म्हणालं, "शेंबड्या पोरांनी आम्हाला शिकवायचं का?" तर शांतपणे सांगा की आकडा चुकला असेल तर दाखवा, आम्ही दुरुस्त करू. आणि तिने मांडलेला ताळेबंद इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, ते पाहिल्याशिवाय घरी येऊ नका. वहीत न आलेलं बोलणं पुढच्या वर्षी कोणालाच आठवत नाही, हे आपण गटात शिकलो आहोत.

पुढच्या बैठकीच्या वहीत आजच्या विषयाला एक पान द्या. मतदार यादीत नाव नसलेल्या, सतरा ओलांडलेल्या गावातल्या मुलामुलींची नावं त्या पानावर लिहा. मुलींची नावं वर लिहा, एवढीच आमची विनंती.